लाकडाची ध्वनिभुजा

१९७७ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने बाहेरच्या ग्रहांकडे सोडली. प्रत्येक यानाच्या अंगावर एक ध्वनिमुद्रिका बसविलेली आहे. ती तांब्याची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे. पृथ्वीवरचे नाना आवाज आणि नाना देशांचे संगीत तिच्यात साठविलेले आहे. त्यात भारताच्या वाट्याला आलेली साडेतीन मिनिटे गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीने व्यापली आहेत. दुसरे यान सुटले ५ सप्टेंबरला. केसरबाईंचे निधन झाले त्याच महिन्याच्या १६ तारखेला. मुद्रिकेबरोबर एक कार्ट्रिज आणि सुई ठेवलेली आहे. वेष्टनावर रेखाकृतींनी सूचना कोरल्या आहेत : सुई कोठे टेकवावी, मुद्रिकेचा एक फेरा किती वेळात व्हावा. हा वेळ ३.६ सेकंदांचा आहे; पण ज्याला सेकंद ठाऊक नाही त्याच्यासाठी तो हायड्रोजनच्या अणूत घडणाऱ्या एका मूलभूत बदलाच्या कालावधीच्या पटीत सांगितला आहे. एवढी दूरदृष्टी दाखविली गेली. पण ती सुई धरून मुद्रिकेवरून नेणारी भुजा मात्र सोबत दिलेली नाही. ज्या कोणाला हे संगीत ऐकावयाचे असेल त्याने भुजा स्वतःच बनवून घ्यावी, अशी अपेक्षा दिसते.

अशी पाळी येण्यासाठी परग्रहावर जन्म घ्यावा लागत नाही. जबलपूरच्या सदर भागात, म्हणजे छावणीच्या जुन्या बाजारपेठेत, राहणाऱ्या प्रस्तुत लेखकावर ती आली. वडिलांनी नोकरीच्या काळात पैपैसा वाचवून जमविलेल्या ध्वनिमुद्रिकांचा एक संच घरात आहे. थोड्या ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. त्यांत बहुतेक नाट्यसंगीत. उरलेल्या दीर्घ मुद्रिका, त्यांत बहुतेक ख्याल. त्या वाजविणाऱ्या यंत्राची मोटर शाबूत होती, पट्टा बदलून घेता आला. परंतु प्लॅस्टिकची भुजा मुळापाशीच तडकली. ते यंत्र बनणे केव्हाच बंद झालेले. बाजारातील रेडिओ दुरुस्त करणारी दुकाने एकामागून एक मोबाइलची दुकाने झालेली. परदेशी भुजेची किंमत संपूर्ण यंत्राच्या किमतीहून अधिक. राहता राहिला एक मार्ग. जबलपुरात १९०४ मध्ये तोफगाड्यांचा सरकारी कारखाना उभा राहिला. तेव्हापासून या शहरात कसबी हातांची वाण नाही. मंडल्याच्या बाजूचे सागवान आणि बांबू येथे सहज मिळतात. तेव्हा लाकडाची भुजा करून पाहावी, असे ठरले. हा प्रयत्न जगावेगळा नव्हता, हे पुढे कळले. त्यातून जे शिकावयास मिळाले ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम भुजेचे काम काय, ते पाहू. दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर एकच सलग खाच असते. ती परिघाकडून केंद्राकडे सर्पिलाकार जाते. वीस मिनिटांच्या बाजूवरची खाच उलगडून सरळ केली तर ती चारशे मीटरांहून लांब भरेल. तिची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असते आणि तिच्या भिंतींवर जी नागमोड कोरलेली असते तिच्यातील बारीक वळणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतात. सुई या वळणांनुसार हलते. कार्ट्रिजमधील चुंबक व तारेची वेटोळी त्या हालचालीचे विजेत रूपांतर करतात. आता ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, विजेत रूपांतर होते ते सुईच्या हालचालीचे नव्हे, तर कार्ट्रिजच्या सापेक्ष सुईच्या हालचालीचे. सुईबरोबर कार्ट्रिजही थरथरले, तर त्या थरथरीइतका आवाज हरवतो किंवा नको तेथे वाढतो. म्हणून भुजेने खाचेमागोमाग केंद्राकडे अगदी विनाविरोध सरकत जावे, आणि त्याच वेळी आवाजाच्या कंपनांपुरते मात्र खडकासारखे स्थिर राहावे. एकाच वस्तूकडून मोकळेपणा आणि ताठपणा या दोन्हींची अपेक्षा करावयाची, हीच या कामातील खरी कठीण बाब आहे.

लाकूड म्हटले की मराठी वाचकाला मिरज आठवेल. एकोणिसाव्या शतकापासून तेथे तंतुवाद्ये बनत आली आहेत. तूण नावाच्या लाकडाची दांडी व तबली आणि वाळविलेला भोपळा यांतून तेथील तंबोरा आकारास येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. तंबोरा करणारा कारागीर लाकूड निवडतो ते बोलणारे. तारेचे बारीकसे स्पंदन घोडीवरून तबलीवर उतरावे, तबलीने ते मोठे करावे, भोपळ्यातील हवेने ते घुमवावे, यासाठी त्याची सारी खटपट असते. वाद्याचे लाकूड आवाजाला स्वतःचा रंग देते, आणि त्या रंगासाठीच आपण त्याला मोल देतो.

ध्वनिभुजेचे लाकूड नेमके उलट असावयास हवे. त्याने गाऊ नये. मिरजेच्या तंबोऱ्याचा रंग मुद्रिकेत आधीच उतरलेला आहे. भुजेने त्यात आपला रंग मिसळला, तर ऐकू येतो तो दोन वाद्यांचा गोंधळ. पुष्कळ हौशी मंडळी येथेच चुकतात. लाकडी भुजेमुळे आवाजाला 'लाकडाचा गोडवा' येतो, असे ती कौतुकाने सांगतात. गोडवा येत असेल, तर भुजा सदोष आहे असे समजावे. लाकूड घ्यावयाचे ते त्याच्या मौनासाठी.

हे मौन कोठून येते? अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळी टिचकी मारून पाहा. ती घंटेसारखी काही वेळ वाजत राहते. धातूच्या आत कंपनाची ऊर्जा फारशी खर्च होत नाही. लाकूड हे तंतूंचे आणि त्यांना सांधणाऱ्या चिकट द्रव्याचे बनलेले असते. कंपन त्यातून जाताना तंतू एकमेकांवर सूक्ष्मपणे घासले जातात आणि ऊर्जा उष्णतेत विरून जाते. शिवाय तंतूंच्या दिशेने लाकूड त्याच्या वजनाच्या मानाने फार ताठ असते; या बाबतीत चांगले सागवान किंवा बांबू धातूंच्या पंक्तीला बसू शकतो. कारखानदारांनी लाकूड सहसा टाळले, त्याचे कारण वेगळे आहे. लाकडाचे दोन तुकडे एकसारखे नसतात. हजारो भुजा एका मापाच्या काढणाऱ्याला हे परवडत नाही. घरी एकच भुजा करणाऱ्याला ही अडचण नाही. दहा तुकडे ठोकून त्यांतील एक उचलण्यास तो मोकळा असतो.

तरीही लाकडी भुजेची परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जोसेफ ग्रॅडो यांनी १९५३ मध्ये आपला व्यवसाय सुरू केला. ते मूळचे घड्याळजी. त्यांनी अक्रोडाच्या लाकडाची भुजा बाजारात आणली होती. बर्लिनचे फ्रँक श्रोडर यांची भुजा खुंटीवर टेकत नाही. ती एका धाग्याला टांगलेली असते आणि खाली समोरासमोर ठेवलेली दोन चुंबके तिला ओढून धरतात. लिथुएनियातील रीड या नावाच्या भुजाही लाकडाच्या असतात. घड्याळजी, सुतार आणि हौशी यांत्रिक यांचीच ही परंपरा म्हणावी लागेल.

आता भूमितीकडे वळू. वाचकाने येथे कंटाळू नये. कारण ख्याल ऐकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ वा तोटा येथेच होतो.

मुद्रिकेची मूळ प्रत कोरणारे यंत्र आपली सुई परिघाकडून केंद्राकडे सरळ त्रिज्येवरून नेते. घरातली भुजा मात्र एका खुंटीभोवती फिरते. तिच्या टोकाचा मार्ग वर्तुळाचा कंस असतो. सरळ रेषेत कोरलेले वक्र मार्गाने वाचावयाचे, हे सर्व अडचणीचे मूळ होय. कार्ट्रिजचा अक्ष खाचेच्या स्पर्शरेषेशी जुळला पाहिजे. समजा, खुंटीपासून सुईपर्यंत २२९ मिलिमीटर लांबीची सरळ भुजा केली आणि तिची सुई मुद्रिकेच्या बरोबर मध्यबिंदूवरून जाईल अशी खुंटी रोवली. तर बाहेरच्या खाचेवर कार्ट्रिज सुमारे १९ अंशांनी तिरपे पडेल आणि आतल्या खाचेवर सुमारे ८ अंशांनी. चूक कमी-अधिक होते, पण सर्वत्र एकाच बाजूची राहते. तेव्हा कार्ट्रिजच मुद्दाम तिरपे बसवावे, आणि सुई मध्यबिंदूच्या थोडी पलीकडे जाईल अशी भुजा ठेवावी, ही युक्ती सुचते. २२९ मिलिमीटरच्या भुजेसाठी हा तिरपेपणा २४ अंश आणि पलीकडे जाण्याचे अंतर १८ मिलिमीटर येते. म्हणजे खुंटी मुद्रिकेच्या मध्यापासून २११ मिलिमीटरवर हवी. असे केल्यास चूक कोठेही दोन अंशांच्या वर जात नाही, आणि मध्यापासून ६६ व १२१ मिलिमीटरवरच्या खाचांवर ती पूर्ण शून्य होते. भुजा लांब केली तर चूक आणखी घटते. ३०५ मिलिमीटरच्या भुजेला १८ अंशांचा तिरपेपणा आणि साडेतेरा मिलिमीटरहून किंचित कमी अंतर पुरते. या प्रश्नाची मांडणी इंग्लंडात पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये केली. पुढे १९३८ मध्ये लोफग्रेन आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी त्याचे गणित पूर्णत्वास नेले. आजही सर्वत्र त्यांचेच आकडे वापरले जातात.

आता ख्यालाचा प्रश्न. मुद्रिका मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. परिघाजवळच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ अवघी २१ सेंटिमीटर. म्हणजे एका सेकंदाचे गाणे बाहेर जेवढ्या जागेत ऐसपैस मावते, त्याच्या निम्म्याहून कमी जागेत ते आत कोंबावे लागते. वळणे दाट होतात, सुईला ती वळणे घेणे जड जाते आणि कार्ट्रिजचा तिरपेपणा तेवढाच राहिला तरी त्याने होणारी विकृती वाढते. आता एका बाजूवर एकच राग घेतलेल्या ख्यालाच्या मुद्रिकेचा क्रम आठवा. आरंभी संथ आलाप, मग विलंबित, आणि अखेरीस द्रुत, तान आणि तराणा. जेथे खाच प्रशस्त तेथे गायक सावकाश चालला आहे. आणि जेथे खाच सर्वांत अरुंद, तेथे तो धावत सुटला आहे! मुद्रिकेची रचना ज्यांनी ठरविली त्यांच्यापुढे आपली मैफल नव्हती, एवढेच म्हणता येईल. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा भीमसेन जोशी यांची द्रुत तान शेवटी 'फाटते', अशी तक्रार पुष्कळांनी केली असेल. ती पुष्कळदा मुद्रिकेची नसून खुंटी तीन-चार मिलिमीटर चुकीच्या जागी रोवणाऱ्याची असते.

यासाठी कागदाचे एक साधे माप बनवावे. जाड कागदाला मध्यभागी मुद्रिकेच्या छिद्राएवढे भोक पाडावे आणि त्याच्या मध्यातून जाणारी एक सरळ रेषा काढावी. त्या रेषेवर, मध्याच्या एकाच बाजूस ६६ आणि १२१ मिलिमीटरवर दोन ठिपके देऊन प्रत्येक ठिपक्यातून तिला काटकोनात जाणाऱ्या समांतर रेषांची जाळी आखावी. सुई प्रत्येक ठिपक्यावर टेकवली असता कार्ट्रिजच्या बाजू जाळीशी समांतर दिसल्या पाहिजेत. एका ठिपक्यावर जुळल्या आणि दुसऱ्यावर नाही, तर भुजेची लांबी चुकली आहे. त्यासाठी कार्ट्रिज बसविण्याच्या पट्टीत गोल भोकांऐवजी लांबट चिरा ठेवाव्यात, म्हणजे मागेपुढे सरकविण्यास वाव राहतो. भुजा वाकडी करण्याची गरज नाही. सरळ दांडीच्या टोकाला पट्टी तिरपी बसविली की काम भागते. बाजारातील भुजांचा इंग्रजी एस अक्षरासारखा वळसा पाहून अनेकांना तो आवश्यक वाटतो. लाकडात तो वळसा आणण्याच्या नादी लागू नये.

दुसरा विषय वजनाचा. येथे प्रस्तुत लेखकाने जी चूक केली, ती सांगणे भाग आहे. पहिली भुजा शिसवाची केली. लाकूड देखणे, जड आणि घट्ट. १४ मिलिमीटर जाडीची चौकोनी दांडी, टोकाला पितळेची भक्कम पट्टी. पाहणारे खूष झाले. वाजवायला घेतली ती किंचित वेडीवाकडी झालेली मुद्रिका. प्रत्येक फेऱ्याला भुजा वर उचलली जाई आणि खाली आपटे. शेवटी शेवटी ती उडाली आणि सुईने खाचा आडव्या ओरबाडल्या. त्या मुद्रिकेच्या अखेरच्या दोन मिनिटांत आजही दर १.८ सेकंदाला, म्हणजे दर फेऱ्याला, एक टिचकी ऐकू येते. द्रुत तीनतालात ती कधी समेवर पडते, कधी खालीवर. मुद्रिका वडिलांची होती आणि तिची दुसरी प्रत अद्याप मिळालेली नाही. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली. या छंदात अशा शोधाला वर्षे लागतात.

झाले काय, ते असे. सुई ज्या लवचिक आधारावर बसविलेली असते तो स्प्रिंगसारखा असतो. स्प्रिंग आणि तिच्यावरचे वजन मिळून एक स्वाभाविक कंपनसंख्या ठरते. त्या गतीचा धक्का मिळाला की सारी रचना झोका घेऊ लागते. झोपाळ्याला योग्य वेळी हात लावल्यासारखेच हे आहे. वाकड्या मुद्रिकेचे उंचवटे सेकंदाला पाच-सहा कंपनांपर्यंतचे धक्के देतात, तर संगीत सेकंदाला वीस कंपनांच्या वर सुरू होते. म्हणून भुजेची स्वाभाविक कंपनसंख्या या दोहोंच्या मध्ये, सुमारे ८ ते १२, असावी. ती काढण्याची रीत सोपी आहे. भुजा आणि कार्ट्रिज यांचे सुईपाशी जाणवणारे ग्रॅममधील वजन घ्यावे. त्याला कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेल्या लवचिकतेच्या अंकाने गुणावे. गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याने १५९ ला भागावे. (काही जपानी उत्पादक १०० कंपनांवर मोजलेला अंक देतात, आपल्याला हवा असलेला अंक त्याच्या दीड ते दोन पट धरावा.) लवचिकता २० असेल, तर शिसवाच्या भुजेचे ३० ग्रॅम व कार्ट्रिजचे ७ मिळून ३७ ग्रॅमला कंपनसंख्या येते ६ च्याही खाली. म्हणजे नेमकी मुद्रिकेच्या उंचवट्यांच्या तालावर.

'सुईपाशी जाणवणारे वजन' हे तराजूतील वजन नव्हे. खुंटीजवळचा एक ग्रॅम सुईला जवळजवळ जाणवत नाही; टोकावरचा एक ग्रॅम पूर्ण जाणवतो; आणि मधला ग्रॅम अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. एकसारख्या जाडीच्या दांडीचे अशा रीतीने एकतृतीयांश वजनच जाणवते. १० मिलिमीटर व्यासाच्या सागवानी गोल दांडीचे वजन सुमारे १२ ग्रॅम भरते. सुईला त्यातील चारच ग्रॅम जाणवतात. मागच्या प्रतिभाराचे गणित तर अधिक मौजेचे आहे. खुंटीमागे ८० मिलिमीटरवर ५० ग्रॅमचे वजन टांगा किंवा ४० मिलिमीटरवर १०० ग्रॅमचे. तोल दोन्हींचा सारखाच साधतो. परंतु पहिले सुईला ६ ग्रॅमइतके जाणवते, दुसरे ३ ग्रॅमइतके. म्हणून प्रतिभार जड घ्यावा आणि खुंटीला चिकटून ठेवावा. दुसरी भुजा सागवानाची केली. टोकाची पट्टी तीन ग्रॅमवर आणली. कार्ट्रिजसह एकूण १७ ग्रॅम झाले आणि कंपनसंख्या साडेआठच्या वर गेली. तीच वाकडी मुद्रिका तिने निमूटपणे वाजविली, अर्थात टिचकीसह.

खुंटीचे अनेक प्रकार आहेत. घरगुती कामाला सर्वांत सोयीची ती एकटोकी. कडक पोलादाचे एक अणकुचीदार टोक वर रोखून रोवावे. भुजेच्या पोटात एक छोटी वाटी बसवून ती त्या टोकावर टेकवावी. टोकासाठी ग्रामोफोनची न वापरलेली जुनी पोलादी सुई चालते. वाटीसाठी जुन्या मनगटी घड्याळातील मणी मिळाला तर उत्तम. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याच्या डबीत असे मणी पडून असतात. घर्षण इतके थोडे राहते की तोलून ठेवलेली भुजा हलक्या फुंकरीनेही सरकते. अशा खुंटीवर भुजा कुशीवर कलंडेल, ही भीती योग्य आहे. तिच्यावरचा उपाय डोंबाऱ्याला ठाऊक असतो. दोरीवर चालणाऱ्याच्या हातातील लांब काठीची टोके खाली झुकलेली असतात. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि तोल आपोआप सावरतो. येथेही प्रतिभार खुंटीच्या टोकापेक्षा खालच्या पातळीवर राहील असा टांगावा. तिरप्या बसविलेल्या कार्ट्रिजमुळे भुजा किंचित एका बाजूस झुकते. प्रतिभाराचे भोक मध्यातून जरा बाजूला पाडले, की त्याला थोडे फिरवून हा झोक काढता येतो. सुई समोरून पाहिली असता मुद्रिकेला काटकोनात दिसली पाहिजे.

लाकूड कसे घ्यावे? नवे मुळीच घेऊ नये. आमची दांडी निघाली ती मोडून टाकलेल्या एका जुन्या खिडकीच्या चौकटीतून. तिने किती उन्हाळे-पावसाळे पाहिले होते, कोणास ठाऊक. लाकूड ओल शोषते तेव्हा आडवे फुगते. तंतूंच्या दिशेने त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही. हा निसर्गाचा उपकारच म्हणावा. कारण भुजेची लांबीच आपल्याला जपावयाची असते. मात्र तंतू तिरपे गेले असतील तर दांडी पिळवटते. म्हणून ज्या वृद्ध मिस्त्रींनी हे काम करून दिले त्यांनी तुकडा करवतीने कापला नाही, छिन्नीने चिरफाळून काढला. चीर तंतूंच्या मागोमाग जाते. करवत तंतूंना जुमानीत नाही. मग त्यांनी दहा-बारा काड्या एकेक करून फरशीवर टाकल्या आणि आवाज ऐकला. खणखणीत वाजणाऱ्या काड्या त्यांनी चांगल्या म्हणून पुढे केल्या. आम्ही बसक्या आवाजाच्या मागितल्या, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले. फुसकी, किडकी काडीही बसकाच आवाज देते, म्हणून बोटांत वाकवून ताठपणाही पाहावा लागतो. बसका आवाज आणि ताठ अंग, असा जोड हवा.

बांबूचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. तो हलका, ताठ आणि आयता पोकळ. पण पेरापाशी तो जड आणि पेरांमध्ये हलका असल्याने वजनाचे गणित चुकते, आणि भिंत पातळ असेल तर तो वाजतो. आत कापसाचा बोळा सैलसर भरला की गप्प होतो. ध्वनिमुद्रिकेशी बांबूचे नाते तसे जुने आहे. १९२०-३० च्या दशकांत, पोलादी सुईने लाखेच्या मुद्रिका झिजतात म्हणून चोखंदळ श्रोते बांबूच्या तिकोनी सुया वापरीत आणि प्रत्येक बाजूनंतर त्यांना कात्रीने नवे टोक काढीत.

दांडीतून चार बारीक तारा न्यावयाच्या असतात. इतक्या लांब काडीत सरळ भोक पाडणे अवघड. त्यापेक्षा ती उभी चिरून दोन्ही अर्धांत नालीसारखी खाच कोरावी आणि सरसाने पुन्हा जोडावी. सरसाची रेघ कंपने शोषण्यास मदतच करते. तारांचे रंग ठरलेले आहेत : डाव्या बाजूसाठी पांढरा व निळा, उजव्या बाजूसाठी तांबडा व हिरवा. खुंटीपाशी तारा बाहेर पडतात तेथे त्यांचा सैल वळसा ठेवावा. ही बाब क्षुल्लक वाटते. परंतु साध्या जाड तारेचा ताठपणा उत्तम खुंटीचा सारा मोकळेपणा फुकट घालवितो. आमचे दोन आठवडे याच शोधात गेले.

पॉलिश लाखेचे द्यावे, पातळ, दोनच हात. त्याने ओल आत शिरण्याचा वेग मंदावतो. ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकाही याच लाखेच्या बनत. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरचे किडे ही लाख तयार करतात. छोटा नागपूर आणि जुन्या मध्य प्रांताच्या जंगलांतून ती गोळा होऊन देशोदेशीच्या मुद्रिकांच्या कारखान्यांना जात असे. त्या मुद्रिका वाजवावयाच्या असतील तर सुई मात्र वेगळी हवी. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, आणि दीर्घ मुद्रिकेची सुई तिच्या तळाशी जाऊन नुसती खरखर वाचते. आम्ही दुसरे कार्ट्रिज दुसऱ्या सागवानी दांडीवर कायमचे बसवून ठेवले आहे. एकटोकी खुंटीचा हा मोठा फायदा; एक दांडी उचलावी, दुसरी ठेवावी आणि तारांची जोडणी बदलावी.

शेवटी सुईचा दाब. आधी भुजा तराजूच्या दांडीसारखी क्षितिजसमांतर तोलावी, नंतर प्रतिभार किंचित पुढे सरकवून कार्ट्रिजच्या पत्रकात सांगितलेला दाब द्यावा. बहुतेकांना दीड ते दोन ग्रॅम लागतो. सोनाराकडे असतो तसा लहान इलेक्ट्रॉनिक काटा आता स्वस्त मिळतो. सुई मुद्रिकेच्या पातळीवर ठेवून त्यावर मोजावे. दाब कमी ठेवला म्हणजे मुद्रिका कमी झिजते, ही समजूत घातक आहे. अपुऱ्या दाबाची सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते. आणखी एक बारीक बल सांभाळावयाचे असते. तिरप्या कार्ट्रिजमुळे खाचेचे घर्षण भुजेला सतत केंद्राकडे ओढते; हे ओढणे दाबाच्या सुमारे एकदशांश असते. खुंटीमागे एक धागा बांधून, तो तारेच्या कडीवरून नेऊन, टोकाला एक-दोन मणी टांगले की ते बरोबर होते. मण्यांची संख्या कानाने ठरवावी. तंबोऱ्याचा षड्ज डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी सारखाच स्वच्छ ऐकू आला पाहिजे.

जबलपुरात मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि जुलैत दारे-खिडक्या फुगून अडकू लागतात. तेव्हा कागदी माप आणि काटा वर्षातून दोनदा काढावा. एकदा पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांनी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. आमच्या भुजेची लांबी अद्याप बदललेली नाही. दाब मात्र पावसाळ्यात थोडा वाढतो, लाकडाने ओल प्यायल्यामुळे. प्रतिभार केसभर मागे घ्यावा लागतो.